अकरा कळ्या

दौलतगंज, ग्वाल्हेर. मे महिना, सव्वादोन.
वीजबिलाची रांग मोडून तिच्याभोवती वाकलेली.
कुणी म्हणतं चप्पल हुंगवा,
कुणी तोंडात पाणी ओतायला निघालंय.
"पाणी नको. वारा येऊ द्या."

रामसेवक पाय उचलून पेटीवर ठेवतो.
मनगट ओलं, गार. नाडी लागते, पण सावकाश,
यावं की नको ठरवत आल्यासारखी.
साखर ठीक. दाब नव्वदावर साठ.
केसांतून बोटं फिरवतो : टेंगूळ नाही.

"किती वेळ शुद्ध नव्हती?"
दोन मिनिटं. छे हो, पंधरा. अर्धा तास!
गजरेवाली मान वर न करता म्हणते,
"बाई पडली तेव्हा गाठ मारली.
डोळे उघडले तोवर अकरा कळ्या."

तिला पुन्हा अकरा ओवायला लावल्या.
घड्याळात चाळीस सेकंद. तेच लिहिलं.

इंगळेबाई उठू बघतात. "माझा नंबर जाईल."
आधी बसा. पुन्हा दाब. मग उभ्या, माझा दंड धरून.
"सकाळपासून काय खाल्लंत?"
"चहा." थोड्या वेळानं, "दोनदा."

गाडीचं दार लावताना पाहिलं :
रांग सरळ झालीय,
आणि चौथ्या जागी, खिडकीकडे तोंड करून,
मघा हुंगवायला काढलेली ती चप्पल.