स्टेपनीचा भाव

हंगाम महिन्यावर आला, तसे
उत्तरवेस तालमीच्या माडीवर आम्ही सातजण बसलो.
मध्ये वही, कॅल्क्युलेटर, आणि भज्यांचा कागद
तेलानं आरपार दिसायला लागलेला.

परदेशी स्ट्रायकरचं दहा मिनिटांत ठरलं.
महिन्याला चाळीस, वर खोली, दोन वेळचं चिकन.
कीपरला पंचवीस. कुणी हूं की चूं केलं नाही.
घोडं अडलं ते विश्वजित मगदूमपाशी,
ज्याला अख्खी पेठ स्टेपनी म्हणते
आणि तो त्या हाकेला ओ देतो.

"गोल किती त्येचे?" दाजी घाटगे.
दोन.
"मिनिटं किती खेळला?"
मी पानं उलटली. तीनशे चाळीस, अख्ख्या हंगामात.
"मग करा की भागाकार. मिनिटाला काय पडतंय बघूया."

भागाकारात प्रतीकचा गुडघा येत नाही,
तो गेला तेव्हा हा डावा बॅक झाला.
स्टॉपरला दोन पिवळी कार्डं पडली तेव्हा हा मागं उभा राहिला.
आणि सेमीफायनलला, कीपरच्या बहिणीचं लग्न निपाणीला,
दुसऱ्याचे ढगळ ग्लोव्हज घालून
यानं पेनल्टी छातीवर घेतली.
दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उद्यमनगरात, लेथवर.
मॅचच्या दिवशी त्याचा अर्धा खाडा पडतो,
तो कुणाच्या वहीत मांडायचा?

"सगळं येतं म्हंजे कायच धड येत न्हाई,"
कोपऱ्यातून बंडा सरनोबत.
यावर चांगलं उत्तर होतं.
मला ते घरी जाताना, रंकाळ्याच्या वळणावर सुचलं.

मी एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं.
मला एवढंच कळतं, की पार्टाची किंमत बिलावर नसते.
तो नव्हता म्हणून गाडी किती दिवस उभी राहिली,
तेवढी ती असते.
आणखी एक, जे ऑडिटवाल्यांना कधी पटलं नाही:
न वापरलेलं रबरही म्हातारं होतं.
रॅकवर, सावलीत, एक किलोमीटर न धावता
त्याला बारीक भेगा पडतात.
विश्वजित आला तेव्हा एकोणीसचा होता.
आता सत्तावीस.

हे मी बोललो का? बोललो, थोडं.
तेवढ्यात कुणाच्या तरी भज्यात तिखट मिरची निघाली
आणि पाण्यावरून विषय फुटला.

मी पंधरावर होतो, दाजी पाचावर.
साडेदहा वाजले, खाली मोटारसायकली सुरू झाल्या.
नऊवर आलो. खुराकाची अंडी वेगळी.
नऊच का, ते मला विचारू नका.
साडेनऊ म्हणायला मी तोंड उघडलं होतं,
पण वही कुणीतरी मिटली.

शुक्रवारी तो व्हाउचरवर सही करायला आला.
बोटांच्या रेषांत ग्रीस.
आकडा एकदाच वाचला. "बरं हाय," म्हणाला.
जागेच्या रकान्यात, म्हणजे बॅक, हाफ की फॉरवर्ड,
मी काही लिहिलंच नव्हतं. त्याला ते दिसलं.
पेनाचं टोपण लावून पेन मला परत दिलं,
जिन्यात अर्ध्यावर थांबला.
"काका, प्रतीकचा गुडघा कसा हाय आता?"

बरा आहे, म्हटलं. पहिल्याच मॅचला उतरतोय.

"चांगलं झालं की."

शूज नाड्यांनी गळ्यात अडकवून
तो गांधी मैदानाकडं निघाला.
खिडकीतून मला कोपऱ्यापर्यंतच दिसतं.
तेवढ्यात त्यानं पळायला सुरुवात केली होती.