निजली म्हणायचं

दाजी मयेकर, बंबाचा ड्रायव्हर,
रात्रपाळीला एक शब्द तोंडातून काढू देत नाही: निवांत.
नव्या पोरानं परवा काढला
आणि पावसच्या वाटेवर, कातळावरचं गवत
पेटत पेटत कलमांत शिरलं.

बूट दाराकडे तोंड करून ठेवायचे.
शिमग्याला होमाची राख आधी बंबाच्या कपाळाला,
मग आपल्या.
गाऱ्हाण्यात फार मागायचं नाही:
जेवढे चढले तेवढे उतरू देत.
होय म्हाराजा.

आणि आग विझली म्हणायचं नाही.
निजली म्हणायचं.
साहेब नोंदवहीत ते खोडतात,
वर लाल शाईनं लिहितात: विझली, ३.४०.
दाजी म्हणतो, तिला वाचता येत नाही ते बरं.

सकाळी घरी आलो. केसांत धूर,
नखांत जळक्या मोहराचा वास.
आईनं समईपासून लांब बसवलं,
नोकरी लागली त्या दिवसापासून बसवते.
तुझ्या हाताला सवय, म्हणते.

खिडकीतून खारा वारा आला.
ज्योत वाकली.
मी दोन्ही हात पाठीमागे घेतले
आणि श्वाससुद्धा
जरा बेतानंच सोडला.