उचंत

तांबट आळीच्या तोंडाशी, घंगाळ्यांच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खाली दिवसभर पितळेवर ठोके,
वर आम्ही तीन आर्टिकल, व्हाउचरांवर टिका मारणारे.
शाई हिरवी. लाल फक्त कासट सरांची.

पहिल्याच आठवड्यात सत्तावीस रुपये जुळेनात.
दोन दिवस मी तेच कॅशबुक वरून खाली, खालून वर.
विसपुते काका डबा धुऊन आले, म्हणाले,
फरकाला नऊने भाग जातोय ना?
मग रक्कम चुकली नाही, आकडे शेजारी बदलून बसलेत.
सापडलं. चौपन्नशे छत्तीसच्या जागी चौपन्नशे त्रेसष्ट.
तेव्हापासून मी सगळ्यालाच नऊने भागून बघते,
रिक्षाचं भाडं, आईची शुगर,
फायनलचा निकालसुद्धा:
दीडशे हवे होते, एकशे एक्केचाळीस.
भाग गेला. पण इथे
काही शेजारी बदललेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तेजल धात्रकचा पुण्याहून फोन,
आमच्याकडे ये, अर्धी सीए पण चालते, अडतीस हजार.
मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं, ती 'येस, येस' म्हणत होती,
आणि रात्रीचे पावणेअकरा वाजले होते.

अंबडला बुशिंगच्या कारखान्यात स्टॉक मोजायला गेले
तर तिथले मॅनेजर शिंत्रे चहा पाजून म्हणाले,
मॅडम, तुम्ही कोपऱ्यातली गंजलेली पेटीही उघडून पाहिलीत.
आमच्याकडे या. सत्तावीस हजार, बस दारात येते.
(सत्तावीस. मी हसले, त्यांना वाटलं होकार.)

आणि सर. सर काही म्हणाले नाहीत,
फक्त खिडकीजवळचं टेबल रिकामं करून घेतलं,
एसी तिकडे वळवला.

काकांना विचारलं. ते दोऱ्याने फाइल बांधत होते.
म्हणाले, मला नोटांच्या छापखान्याचं पत्र आलं होतं,
नाशिकरोडला, त्र्याऐंशी साली. गेलो नाही.
का नाही?
त्या दिवशी एका ट्रस्टचा ताळेबंद जुळत नव्हता.
जुळला का?
जुळला की, म्हणाले. दोन दिवसांनी.
आणि गाठ अशी घट्ट मारली
की ती पुढच्या वर्षी कात्रीनेच सुटणार.

ज्या रकमेचं घर अजून कळलेलं नाही
तिला उचंत खात्यात बसवतात.
मला हा शब्द पहिल्यापासून आवडतो.
पाव्हण्याला बाहेरच्या खोलीत सतरंजी द्यावी तसा.
पुणे, अंबड, खिडकीजवळचं टेबल,
मी तिघांनाही तिथेच बसवलं महिनाभर,
आणि घरी विचारलं की म्हणायचे, बघू.

पण एकतीस मार्चला उचंत शून्य लागतं.
रात्री साडेनऊ. खालचे ठोके थांबलेले,
प्रिंटर तापलेला, हर्षल खुर्चीतच झोपलेला, तोंड उघडं.
एका पार्टीची शेवटची अनोळखी रक्कम, अकराशे रुपये,
देणगी निघाली. पावती कॅलेंडरमागे होती.
खातं मिटलं.

मग मी केबिनमध्ये गेले.
सर, टेबल नको.
सप्टेंबरपर्यंत रोज सकाळचे पाच तास माझे.
बाराला येईन, सहाला जाईन,
स्टायपेंड नाही, पगार.

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. काढलं. परत लावलं.
बाहेर काका खोकले, उगाच, फायलींमागून.
किती? सर म्हणाले.

मी आकडा सांगितला.
त्याला नऊने भाग जात नव्हता.
जिन्यात येऊन मी पुन्हा एकदा
बोटांवर तपासून पाहिलं.