वस्तूचं नाव

बिलावर लिहिते : काळी, तीन थरांची, एक हजार लिटर.
वस्तूचं नाव?
कंपनीच्या कागदावर टँक. माझ्या हाताला टाकी येतं.
गिऱ्हाईक स्विंडनला, गोदामात रात्रपाळीवर :
पिएदादचा नातू जॉयसन. नाताळला येणार,
तोवर छपरावर पाणी हवं.

अस्नोड्यात हार्डवेअरचं दुकान चालवायला
शब्द फारसे लागत नाहीत.
पाऊण इंची, एक इंची, एल्बो, टी.
पण दुपारी कुणी फिरकत नाही, आणि
भावानं रद्दीत काढलेला जाडजूड कोश
गल्ल्यामागच्या लंगड्या स्टुलाखाली आहे.

टँक काढला.
म्हणे, गुजरात-महाराष्ट्राकडचं टांकं, टाकं,
जमिनीत खणलेलं, कातळात कोरलेलं.
लगेच पुढे : किंवा पोर्तुगीज तांक,
इश्तांकारवरून, म्हणजे अडवणं.
वाहतं पाणी अडवणं. वाहतं रक्तही.
तहान भागवणं, तेही त्यातच.
किंवा, किंवा, किंवा.
पाणी कुणाच्या पाटाचं यावर इथे
तीन पिढ्या कोर्टात जातात,
कोशवाल्यानं तरी काय करावं?

मला विचाराल तर शब्द
जॉयसनसारखाच गेला :
मूळ इकडचं, कागद पोर्तुगालचे, नोकरी इंग्लंडात.

तिथे त्याला नको ते करावं लागलं.
पहिल्या महायुद्धात लोखंडाचं एक जनावर घडत होतं, चोरून.
कामगारांना सांगितलं, पाण्याच्या टाक्या आहेत.
खोटं बोलायला शब्द साधाच लागतो,
घरातला, ओलसर.
नाव चिकटलं. पाणी गळून गेलं.

एकसष्टच्या डिसेंबरात ते जनावर
दोडामार्गाकडून आमच्या रस्त्याला लागलं.
वडील नऊ वर्षांचे. ओरडत पळाले,
"तांक येता, तांक!"
लोकांनी दारं लावली.
पिएदाद कळशी घेऊन रस्त्यावर.
आठवडाभर विहिरीचा दोर तुटलेला होता,
तिला वाटलं, कुणाला तरी दया आली.

धूळ बसली. वरचं झाकण उघडलं.
आतून एक पोर, मिशीही नीट न फुटलेलं,
तिच्या कळशीकडे बघत राहिलं
आणि अंगठा ओठांना लावून म्हणालं, पानी?
तिनं कळशी उलटी करून दाखवली.

वडील गोष्ट सांगताना इथे थांबत.
पुढचं दर वेळी वेगळं.

ते पुढे चिरे घडवायला लागले.
त्यांची टाकी वीतभर, पोलादी.
एकदा निसटली, अंगठ्याला पाच टाके.
आईनं देव्हाऱ्यातला चांदीचा टाक
त्या दिवशी दोनदा धुतला.
कोशात यातलं काही नाही. तिथे आहे :
शेअर कोसळतो, त्यालाही टँक म्हणतात.

भाचा काउंटरवर मोबाइल खेळतो.
त्यांच्या टोळीत तो टँक.
म्हणजे रे?
म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून मार खायचा, मावशी.
टाकीचे घाव! मग देवपण येतं का?
नाही, लेव्हल वाढते.

फोन वाजतो. पलीकडे ट्रॉल्यांचा खडखडाट.
"बसली?"
"बसली. पण नळ एक दिवसाआड येतो."
"प्लांट आपल्याच गावात ना?"
"गावातच. तू नाहीस का आपल्याच गावातला?"
हसला बहुतेक. की लाइन गेली.

पिएदादची कळशी परसात पालथी आहे,
तळाला हिरवी. तिचं काय करायचं, विचारायचं राहिलं.

टाकी लिहिलं.
कंपनीचा माणूस खोडून टँक करील, करू दे.
खाली रेघ मारली :
जीएसटी अठरा टक्के.
पाणी वेगळं.