पंचविसावा चौकोन

चोवीस चौकोन मीच कापले होते,
मीच चित्रं चिकटवली, वर प्लास्टिक चढवलं.
पाणी. भूक. शू. दुखतंय.
सुप्रभात. धन्यवाद.
धन्यवाद दोनदा, मोठ्यांसाठी वेगळं.

चिलोए बेटावरच्या आमच्या शाळेत
एकोणीस मुलं, लाकडाची एक शेगडी,
आणि दर शुक्रवारी सभा :
लोकरीचा गुंडा ज्याच्या हातात, त्याने बोलायचं.
बाकीच्यांनी गप्प. मीसुद्धा.
आजवर कोंबड्यांवर बोलणं झालं, गळक्या नळावर,
फेरीबोट चुकली तर उशिराचा शेरा का, यावर.

गुंडा रेल्मूच्या मांडीवर यायचा
आणि मी म्हणायचे, "रेल्मू मजेत आहे. पुढे."
दोन वर्षं ती मजेत होती
माझ्या तोंडून.

त्या शुक्रवारी तिने गुंडा सोडला नाही.
कोपराखाली दाबून धरला
आणि दुसऱ्या हाताचं बोट, थरथरत, वाट चुकत,
फलकावरून पार पलीकडे नेलं,
टेबलाच्या लाकडावर.
पाणी हवंय?
पुन्हा लाकूड.
शू आली? दुखतंय?
लाकूड. लाकूड. नखाची टकटक.
"हात घसरतोय तिचा," म्हणत
मी फलक सरकवला बोटाखाली.
तिने तो मनगटाने ढकलून दिला.

तेव्हा एलिसेओ बोलला,
जो स्वतःच्या पाळीलाही सहसा बोलत नाही :
"बाई, घसरत नाहीये.
तिला हवा तो शब्द तिथे नाहीये."

मग एकच गलका. समुद्र? कुत्रा? गप्प बसा?
यावर ती हसली, पण तेही नाही.
घंटा झाली, कोणी उठलं नाही.
शेवटी पाच वर्षांची मायतेन, शेंबूड पुसत : "नको?"
आणि रेल्मूचं सगळं अंग,
मानेपासून बुटांपर्यंत, हो झालं.

बटाट्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
मायतेनने काढला तो शब्द :
एक तळहात, सहा बोटांचा.
चिकटपट्टीने लावला, वाकडाच.

सभा संपली तशी सवयीने
मी खुर्ची वळवली खिडकीकडे,
तिला समुद्र आवडतो म्हणून.
कोण म्हणालं होतं?
चाक अर्धं फिरलं असेल.
बोट निघालं, थरथरत, वाट चुकत,
आणि सहा बोटांच्या हातावर येऊन टेकलं.

माझे हात मुठींवर तसेच.
"मग कुठे?" मी विचारलं.
पहिल्यांदाच.
त्याच्या उत्तराला चौकोन नव्हता.
मागे कात्रीचा आवाज
सुरूही झाला होता.