मु. पो. इद्रिस हारून

गुरुवारी रात्री साडेनऊला मनामात
काचांना बाहेरून घाम फुटतो.
आत एसीत मी शाल पांघरून
कधीची एकच ओळ वाचतेय:
सी, पुढे विसर्ग,
मग युजर्स, मग इद्रिस हारून,
मग कामं, मग पंप, मग त्याची ती फाइल
जिच्यावाचून बांधणीच होत नाही
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या प्रोग्रॅमची.

त्याच्या यंत्रावर होते.
टेबलाखाली ते अजून चालू आहे,
वर चिकटवलेला कागद: बंद करू नये.
इद्रिस रमजान संपता संपता ओमदुर्मानला गेला,
बहिणीचं लग्न, पंधरा दिवसांची रजा.
आता ऑगस्ट.

विंडोजची रेघ डावीकडे कलते,
लिनक्सची उजवीकडे,
दोघींना वाटतं आपणच सरळ.
मधेच अरबी नावाचा फोल्डर आला
की पडद्यावर सगळी वरात उलटी फिरते,
नवरदेवाआधी भांडी पोचतात.

सर्व्हर लिनक्सचा.
म्हणजे आमच्या शाळेतल्या ठोंबरे बाई,
ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा मार्क कापणाऱ्या.
मोठा पी आणि लहान पी ही त्याला दोन वेगळी माणसं.
विंडोज चालवून घेतं,
मॅनेजरचं मॅकही बहुतेक वेळा घेतं,
आणि जिच्या बाराखडीत मोठं क लहान क कधी नव्हतंच
ती मी तीन दिवस शोधत बसले
की पंप कुठल्या पीचा.

त्यात नावामध्ये मोकळी जागा.
इद्रिसपर्यंत वाचून यंत्र थांबतं
आणि विचारतं, हारून कोण?
हारून त्याचे वडील.
आमच्यातही मधे बापाचं नाव असतं,
विमानतळावरच्या फॉर्मात ते कुठल्या चौकोनात घालायचं
यात माझेही दोन तास गेलेत.
अवतरणचिन्हांत ठेवलं तर बापलेक एकत्र राहतात,
पण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना
चिन्हं गळतात वाटेत.

खालच्या कोल्ड स्टोअरचा पोरगा फोनवर विचारतो,
इमारत? रस्ता? ब्लॉक?
मी सांगते, तो खबूस आणि दही घेऊन येतो.
लहानापासून मोठ्याकडे, आपल्या पाकिटावरच्यासारखं:
मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा.
हे यंत्र तेवढं जिल्ह्यापासून सुरू करतं
आणि खोलीच्या दारात आल्यावर म्हणतं, सापडत नाही.

अकराला ठरवलं, रेघ लिहायचीच नाही.
नुसते तुकडे द्यायचे जोडणीच्या फंक्शनला,
ज्याच्या घरी जाईल त्याच्या कलाने ते घेईल.
सुरुवातीला दोन टिंबं,
म्हणजे आहेस तिथून एक पायरी वर,
पुन्हा दोन टिंबं.
त्याची फाइलही आणून ठेवली सगळ्यांच्या फोल्डरात.
एक्केचाळीस ठिकाणी होतं त्याचं नाव.
एक्केचाळीस लाल ओळी
आणि प्रत्येकीच्या खाली एक हिरवी.

बाराला वीस कमी असताना
तिन्हीकडे बांधणी झाली.
मी एकटीच टाळी वाजवली, एकच,
मग कसंसंच वाटलं.

फोनवर निरोप येऊन पडला होता, नंबर अनोळखी,
पोर्ट सुदानचा असावा.
अकरा सेकंदांचा इद्रिस,
मागे जनरेटर की बोटीचा भोंगा, कळेना:
"हेमांगी, त्या ओळीला हात लावू नकोस.
ती तशी का आहे ते आल्यावर सांगतो."

पुन्हा ऐकला.
मग खुर्चीतून वाकून टेबलाखाली हात घातला.
पंखा फिरत होता, पत्रा ऊन लागत होता.
कागदाचा एक कोपरा सुटला होता,
तो दाबून चिकटवला.