वरून काय घालायचं

सव्वीस वर्षं किल्ट घातला,
माझ्या मर्जीनं एकदाही नाही.
कामठीच्या शाळेत पोरांना पाइप शिकवायचो.
झेंडावंदन, बक्षीस समारंभ, कुणी साहेब आला की
वर काळा कोट, पितळेची बारा बटणं,
आदल्या रात्री चिंचेनं घासलेली.

निवृत्त झालो त्या दिवशी कोट परत घेतला,
रजिस्टरात सही करून.
किल्ट राहू दिला. म्हणाले, झिजलाय, ठेवा सर.
हिरव्या-निळ्या चौकड्यांत एक बारीक पिवळी रेघ,
कुठल्या घराण्याची कुणास ठाऊक.
माझ्या घराण्यात तसल्या थंडीतलं कुणी नव्हतं.

आता डिसेंबर. जरीपटक्यात सकाळी तोंडातून वाफ निघते,
आणि मला इतकंच वाटतंय
की रविवारी किल्ट घालून तर्री-पोहे खायला जावं.
पाइप नाही, पोरं नाहीत, झेंडा नाही.
फक्त मी आणि गुडघे.

प्रश्न वरचा.

लेकीच्या लग्नातला ब्लेझर घालून पाहिला.
तो अर्धा किल्ट गिळतो. आरशात एक माणूस,
पँट विसरून निघालेला.
जावयाचं बिनबाह्यांचं खादीचं जाकीट:
"यात तुम्ही महापालिकेला उभे राहिल्यासारखे दिसता,"
एस्तर म्हणाली, आणि थोडं थांबून,
"आणि पडल्यासारखे."
तिबेटी बाजारातून विंडचीटर आणलं, चेनवालं,
घासाघीस करून साडेसहाशेला.
चालताना ते कुजबुजतं.
किल्टला दुसऱ्याची कुजबुज खपत नाही,
त्याचा स्वतःचा आवाज असतो, मागं, पाऊल पडलं की,
पत्ते पिसल्यासारखा.

शेवटी गोळीबार चौकात, हेडाऊकडे.
त्याचा बाप मागावर बसायचा.
त्यानं आधी कापड उलटं करून पाहिलं,
नखानं धागे मोजले, मग माझ्याकडे बघितलं.
"जाकीट कमरेखाली चार बोटं, सर.
त्याच्या खाली गेलं का चुण्या मेल्या.
अन् पुढून गोल कापाचं.
पण नवं कापड काऊन फाडता?
घरी एखादा आखूड कोट असंनच ना."

होता.
पेटीच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात,
एस्तरचा, मिशन हॉस्पिटलात रात्रपाळीला जातानाचा.
करडा, लोकरी, कमरेशी येऊन संपणारा,
कोपरांवर तिनंच लावलेले ठिगळ.
घातला. खांदे बसले.
एकोणचाळीस वर्षांच्या संसारात
आमचे खांदे सारखे आहेत
हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बटणं मात्र बायकांच्या बाजूची.
पाइपवर डोळे मिटून चालणारी बोटं
इथं अडखळली.
"थांबा," म्हणत ती समोर उभी राहिली
आणि खालून वर लावत आली.
"निऱ्या तुमच्या मागं, कोट माझा,
आता तुमचं काय उरलं?"
"गुडघे," मी म्हणालो.
ती हसली, पण शेवटचं बटण तिनं लावलं नाही.
ते गळ्याशी टोचायचं म्हणे, तिलाही.

पोहेवाल्यानं झारा हातात धरूनच विचारलं,
"काऊन काका, कोनाची वरात?"
"कोनाचीच नाही."
त्यानं मान हलवली, तर्री जरा जास्त सोडली.
शेजारची दोन कॉलेजची पोरं
गुडघ्यांकडे बघत होती, मग कोटाकडे,
मग पुन्हा आपापल्या प्लेटीत.

हात गारठले म्हणून खिशात घातले.
उजव्या कोपऱ्यात, अस्तराच्या शिवणीत,
एक लवंग. रात्री झोप येऊ नये म्हणून
तिनं कधीतरी ठेवलेली, कुठल्या वॉर्डात, कुठल्या साली.
झटकली, तोंडात टाकली.
अजून तिखट होती.

तेवढ्यात तर्रीचा एक थेंब करड्या लोकरीवर पडला,
नेमका छातीशी.
आता घरी जाऊन
हे आधी सांगायचं की लवंगेचं.